बिनकठड्याचा जिना

“कठडा म्हणजे माणसावरचा अविश्वास,” धनेश सामंत म्हणाला. घर बघायला आलेल्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी ते वाक्य लिहून घेतलं.

तळाशीलच्या किनाऱ्यावर आईसाठी बांधलेलं हे घर त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं काम. पांढऱ्या भिंतीतून एकेक फळी बाहेर आलेला जिना तर मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकला होता.

“आपल्या लोकांना घर बांधता येत नाही,” तो म्हणाला. “फक्त भरता येतं. कॅलेंडर, पिशव्या, देवांचे फोटो.” मुलं हसली.

फाटकाशी मासळीवालीने हाक दिली. वरच्या खोलीतून नर्मदाबाई बाहेर आल्या. पहिल्या फळीवर पाय ठेवताना त्यांनी भिंतीकडे हात नेला. तो हवेतच राहिला.

“धनेशा, दोरी खंय गेली?”

“नंतर बोलू, आई.”

“कसली दोरी, सर?” रश्मी नावाच्या मुलीने विचारलं.

“होडयेची,” वरून नर्मदाबाईच म्हणाल्या. “शेजारच्या लिनोन खिळे मारून बांदून दिल्यान होती. ती धरून तर मी चढतंय-उतरतंय.”

ती निळी नायलॉनची दोरी धनेशने सकाळीच सोडून मागच्या पडवीत फेकली होती.

“फोटोत घाण दिसते गं,” तो म्हणाला. “पाहुणे जाईपर्यंत वरच थांब.”

“मी थांबान. बांगडे थांबाचे नाय.”

नर्मदाबाई फळीवर बसल्या. साडी पायांभोवती घट्ट गुंडाळली आणि तळहात टेकत, बसल्या बसल्याच एकेक फळी उतरू लागल्या. कुणी काही लिहीत नव्हतं. रश्मी पुढे झाली, तशी त्यांनी मानेनेच नको म्हटलं. शेवटच्या फळीशी धनेशने हात पुढे केला. नासकी मासळी परत सारावी तसा त्यांनी तो बाजूला सारला आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

“पोरांनो, वयर माझा हातरूण आसा. खाली हाडा बघूया.”

मुलं धावली. गादी, उशी, तांब्या, औषधांचा डबा, बाजाराची पिशवी, मांजराची टोपली, सगळं त्या जिन्यावरून खाली आलं. समुद्राकडच्या हॉलच्या मधोमध रश्मीने गादी अंथरली.

“इथे नको,” धनेश म्हणाला. “आई, ही जागा रिकामी राहण्यासाठीच आहे.”

नर्मदाबाईंनी पिशवी अडकवायला भिंतीवर खुंटी शोधली. ती नव्हतीच. मग पिशवी काखेत मारून त्या बांगडे घ्यायला फाटकाकडे निघाल्या.

“तुका अडचण होता तर तू भायर रव.”