आबांचा घसा

"श्रीपतीआबा, तुमचा घसा कायमचा गेलाय म्हणे? ज्योत्स्नानं सांगितलं. फार वाईट झालं हो," रणवरे सर म्हणाले. "नाहीतर आज स्नेहसंमेलनात तुम्हालाच गायला लावणार होतो मी!"

कोळी नाचाचं लुगडं नेसून पडद्याआड उभ्या असलेल्या ज्योत्स्नानं घाबरून फटीतून डोकावलं. आजोबांचा घसा कुठला जातोय? सकाळीच तर गोठ्यात म्हशीपुढं गात होते, चांगले ठणठणीत!

सरांना पुण्याच्या जुन्या बाजारात एक रेकॉर्ड सापडली होती. पाकिटावर फोटो होता, कपाळावर केसांचा कोंबडा काढलेल्या तरण्याबांड आबांचा. खडकीच्या मिलिटरी मेसमध्ये ताटं धुता धुता आबा साहेबलोकांची रॉक अँड रोल गाणी शिकले. हॉटेलांत गायले. ही एवढी एक रेकॉर्ड निघाली आणि मग सगळे त्यांना विसरले. आबा गावी, सणसरला परत आले ते ऊस लावायला.

"आपल्या संमेलनात गातील का गं?" सरांनी गेल्या आठवड्यात तिला विचारलं, आणि तिच्या डोळ्यांपुढं आली पायल. आबा एकदा एस.टी.ची वाट बघताना रॉक अँड रोलच्या ढंगात गुडघे थरथरवत गायले होते. तेव्हापासून पायल वर्गात त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. आता अख्ख्या शाळेपुढं तेच? ती बोलून गेली, "सर, आबांचा घसा गेलाय. बोलताच येत नाही."

आता सरांचं बोलणं ऐकून आबांनी पडद्याकडं पाहिलं. नातीचं उतरलेलं तोंड त्यांना दिसलं. त्यांचा हात हळूच गळ्यापाशी गेला. सरांकडं बघून त्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली.

मग सरांनी रेकॉर्डच लावली. आणि काय आवाज! मांडवाचे पत्रे थरथरले, पोरं बाकांवर चढली. पायलनं ज्योत्स्नाचा दंड धरला. "ए, कोण गं ह्यो? लय भारी हाय की!"

"माझे आबा!"

"चल, थापाडे! मग गायला लाव की त्यास्नी."

आत्ता सांगायचं. एक हाक मारली की झालं. पण मग सरांपुढं पहिलं खोटं उघडं पडलं असतं.

"घसा गेलाय त्यांचा," ज्योत्स्ना म्हणाली. या वेळी तर खोटं अगदी सहज आलं. खाली पहिल्या रांगेत आबा ओठ घट्ट मिटून बसले होते. धोतराखाली गुडघा तेवढा गाण्याच्या ठेक्यावर थरथरत होता.

घरी जाताना कालव्याच्या कडेनं दोघंच होते. आबा पुढं, ती मागं. स्पीकर ऐकू येईनासा झाला, दोन्ही अंगांना ऊस लागला, तरी आबा चकार शब्द बोलेनात. रागावले असणार. रागवायलाच हवं.

"आबा, शिव्या द्या मला, पण बोला की!" तिला रडूच फुटलं.

आबा थांबले. मागं वळून त्यांनी सगळी वाट नीट न्याहाळली. मग तिच्या कानाशी वाकले आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"मागनं सर येत न्हाईत न्हवं? मग... बोलू का आता?"