एकच स्टूल

अतिदक्षता विभागात खाटेपाशी एकच स्टूल असतं. डॉक्टरांनी बायकोचा मेंदू मेल्याचं सांगेपर्यंत ते तिच्या उशाशी होतं. "पोटातलं बाळ जिवंत आहे. मशीन चालू ठेवलं तर वाढेल," ते म्हणाले. सासूबाईंना न विचारताच मी म्हटलं, "ठेवा." तेव्हापासून स्टूल पोटाशी सरकलं. बाळाला आवाज कळतो म्हणे. मी रोज तिथंच वाकून त्याच्याशी गप्पा मारतो. आज सासूबाई स्टूल ओढून पुन्हा उशाशी बसल्या आणि लेकीचे गुंतलेले केस विंचरू लागल्या. "आई, मी बाळाशी बोलत होतो," मी चाचरलो. "बोला की. तुमचं लेकरू तिथं, माझं इथं." कंगवा थांबला. "जावईबापू, तुमचं बाहेर आलं की माझ्या लेकराचं मशीन बंद. होय ना?" सासूबाईंपुढे माझी बोबडी वळली की उत्तर नेहमी बायकोच द्यायची. सवयीनं मी तिच्याकडे बघितलं.