निरोगी त्वचेची पट्टी

कंट्रोलची पट्टी पुन्हा काळी आली.

थेंबताईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले, भिंग पुसलं आणि परत वाकून पाहिलं. काळीच. शेजारी रुग्णाची काचपट्टी होती. तिच्यात बारीक हिरवे तंतू गवताच्या पात्यांसारखे उभे होते. दोन्ही पट्ट्यांवर एकाच कुपीतलं प्रतिपिंड, एकाच हातानं, एकाच वेळी सोडलेलं.

काम तसं सरळ होतं. पायांची आग होते म्हणून आलेल्या माणसाच्या घोट्यावरून मसुरीच्या दाण्याएवढी त्वचा घ्यायची, तिचे पातळ काप करायचे आणि त्यांवर प्रतिपिंडाचा थेंब सोडायचा. ते चेतापेशीच्या सांगाड्यातलं प्रथिन बरोबर हुडकून काढतं आणि त्याला चिकटतं. चेतातंतू शाबूत असतील तिथे हिरवा उजेड. झडले असतील तिथे अंधार. सोबत तुलनेसाठी निरोगी त्वचेची एक पट्टी, म्हणजे कंट्रोल, लागतेच. ती उजळली नाही, तर त्या दिवशीचा एकही अहवाल बाहेर जात नाही. बत्तीस वर्षं तो थेंब त्याच सोडत होत्या, दर वेळी तेवढाच. खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

शिपाई दारात उभा राहिला. त्याच्या हातात एक निळी रबरी चप्पल होती.

"ताई, तुमची चप्पल आज जिन्यातच राहिली होती."

"सैल झालीय रे," म्हणत त्यांनी पाय आत सरकवला. चप्पल मागच्याच महिन्यात घेतलेली होती.

डॉक्टरबाईंनी सोमवारीच सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर थेंबाचं काम यंत्राकडे द्यावं लागेल. सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता. थेंब सोडायला त्या स्वतः थेंबताईंकडूनच शिकल्या होत्या. यंत्र गेले दोन महिने कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून बसलं होतं. सवत आणून बसवलीय तुमच्यासाठी, असं पलीकडच्या टेबलावरचे भाऊ म्हणायचे आणि सगळे हसायचे. थेंबताईही हसायच्या. या आठवड्यात कुणी ते म्हटलं नाही.

त्यांनी कुपी बदलली होती. पाणी बदललं होतं. शीतकपाटाच्या तापमानाची महिन्याभराची नोंद ओळीनं तपासली होती. राहिले होते ते त्यांचे हात. घरी त्यांनी पेला काठोकाठ भरला आणि स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत नेला. एक थेंब सांडला नाही. नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली करून हा प्रकार पाहिला. हातपाय धड आहेत तोवर सुखानं निवृत्त हो, यंत्राशी कसली शर्यत लावतेस, असं तो म्हणाला. त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

गुरुवारी डॉक्टरबाईंनी यंत्रावरचं प्लास्टिक काढलं. तेच काप, तीच कुपी. यंत्राची सुई खाली आली, थेंब सोडून वर गेली. थेंबताई हात पाठीमागे बांधून बघत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या टेबलापाशी त्यांना काही काम नव्हतं.

दुपारी दोघी सूक्ष्मदर्शकापाशी गेल्या. रुग्णाची पट्टी हिरवी. कंट्रोलची पट्टी काळी.

भाऊंनी लांबूनच विचारलं, काय झालं. उत्तर ऐकून ते मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे सवतीच्या हातालाही गुण नाही." थेंबताईंना हसू आलं. मग डोळे भरून आले. हात चांगले होते. बत्तीस वर्षांचे हात अजून चांगले होते.

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. त्या अजून भिंगातून बघत होत्या.

"मग त्वचाच राहिली," त्या म्हणाल्या.

तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. जाणार तरी कसं? निरोगी म्हणूनच तर ती ठेवलेली होती. जुनी संपली तेव्हा इथल्याच आठ जणांनी आपापल्या घोट्यावरची त्वचा दिली होती. त्या दिवशी केवढी थट्टा झाली होती. सुई टोचल्यावर भाऊ ओरडले, शिपायानं डोळे मिटून घेतले. थेंबताई मात्र टोचून झालं तरी कधी टोचणार म्हणून विचारत बसल्या, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या धीराचं कौतुक केलं. कुणाच्या नसा कशा, यावरून पुढे चेष्टा नको म्हणून डब्यांवर फक्त आकडे घातले आणि नावं पाकिटात बंद केली. एक ते चार क्रमांकांचे काप वापरून संपले होते. या आठवड्यात पाच क्रमांक सुरू झाला होता.

डॉक्टरबाईंनी कपाटातून पाकीट आणलं आणि फोडलं. आत आठ ओळींचा कागद होता. पाचवी ओळ वाचायला जेवढा वेळ लागावा, त्याहून बराच जास्त वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कागदाची घडी घातली, एक खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर स्वतः स्टुलावर बसल्या.

"ताई, बसा. चपला काढा आणि पाय माझ्या मांडीवर ठेवा."

"अहो, काहीतरीच काय? तुमच्या मांडीवर?"

"ठेवा. मी बोट लावीन. कळलं की सांगायचं."

थेंबताई खुर्चीत बसल्या आणि चपला काढायला खाली वाकल्या.

डाव्या पायात चप्पल नव्हती.