धोंडीचं पथ्य

काटा नव्वदवर गेला आणि तिथेच थरथरत थांबला. डॉक्टरांनी वाकून पुन्हा पाहिलं. नव्वद पौंड. मुलीचं वय आठ वर्षं.

“उतर बाळ,” ते म्हणाले.

धोंडी वजनाच्या काट्यावरून उतरली. तेवढ्यानेच तिला धाप लागली. तिच्या आईने, सुभद्राने, फिरकीच्या तांब्याचं झाकण काढून पाणी तिच्या ओठांना लावलं. पोरीने ते मागितलंही नव्हतं. घरातून निघताना चपला विसरेल, पण हा तांब्या सुभद्रा कधी विसरत नसे.

अकोल्यातला दवाखाना नवा होता. डॉक्टर नागपूरहून शिकून आलेले, तरुण आणि जरा तापट. भिंतीवर दूध पावडरीच्या कंपनीचं कॅलेंडर होतं आणि त्यावर गुबगुबीत गालांचं बाळ हसत होतं. असली बाळं कौतुकाने भिंतीवर टांगायची आणि आयांना दोष द्यायचा, ही एक गंमतच. धोंडीलाही दोन वर्षांची असताना तालुक्याच्या प्रदर्शनात सुदृढ बालकाचं बक्षीस मिळालं होतं, पितळी पेला. तेव्हा सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. आता तेच गाव तिला कापसाचं गाठोडं म्हणत होतं. गावाचं काय, टाळ्या वाजवायला पुढे आणि नावं ठेवायलाही पुढेच.

“काय काय खाते ही?” डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर सासूने दिलं. केशरबाई बाकावर काठी टेकून बसल्या होत्या.

“काय नाई खात ते इचारा, डाक्टरसायेब! सकायी वाटीभर साय. मंग तुपातला शिरा. शायेतून आली का पेढा. रडली का पेढा, हासली का पेढा. आन् शायेत जाते रेंगीत बसून! शाया कुठी, तं चावडीच्या मांगं. तेवढ्यासाठी बैलं जुपा लागते.”

“खेळते का?”

“पयू देईन तवा खेयीन ना! माही सून जमिनीवर पाय ठिऊ देत नाई तिले. मी सांगून सांगून थकली. आयकते कोन?”

सुभद्रा पदराने पोरीच्या मानेवरचा घाम टिपत राहिली.

“नाव धोंडी का ठेवलं?”

“तीन लेकरं गेले हिच्या पह्यले,” केशरबाई म्हणाल्या. “धोंड्याले कोन नेते, म्हनून ठेवलं.”

“कशानं गेली?”

“हगवन. तिघंबी हगवनीनंच. देवाची मर्जी, दुसरं काय! आपल्या हातून तं काई कमी नाई झालं. वैदूनं सांगतलेलं पथ्य माह्या घरात कोनी मोडलं नाई. त्या बाबतीत मी लय कडक.”

डॉक्टरांनी वहीत ‘हगवण’ एवढंच लिहिलं आणि तो विषय तिथेच सोडला. त्यांना पुढचा रोगी दिसत होता. बाहेर रांग लागली होती.

“बाई, नीट ऐका,” ते सुभद्राकडे वळले. “हिचे गुडघे आताच वाकायला लागलेत. चार पावलं चालली तरी दम लागतो. असंच खाऊ घालत राहिलात तर विशीतच हिचं हृदय थकेल. शिरा बंद, पेढे बंद. ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी, दूध एक कप. शाळेत पायी जाऊ द्या. पोरींबरोबर धावू द्या, पडली तर पडू द्या. आणि मुख्य म्हणजे, मागेल तेव्हा द्यायचं नाही.”

सुभद्राच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिला डॉक्टरांचं म्हणणं शब्द न् शब्द पटलं होतं. ही चौथी पोर जगावी, एवढंच तर तिचं मागणं होतं. तिने मान डोलावली.

“माय, पेढा,” धोंडी म्हणाली.

“हं, आता माझ्यासमोरच करून दाखवा,” डॉक्टर म्हणाले. “नाही म्हणा.”

सुभद्राने तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. पोर तिच्याकडे पाहत होती आणि कोरड पडली असावी तशी ओठांवरून जीभ फिरवत होती. सुभद्राचा हात पिशवीत गेला. पेढा पोरीच्या तोंडात गेला, पाठोपाठ तांब्याही ओठांना लागला.

“पाहा!” केशरबाईंनी काठी आपटली. “लाड, दुसरं काई नाई. लेकरू मांगते म्हनून देऊनच देवाव का? मन घट करा लागते.”

डॉक्टरांना या घरात एक तरी शहाणं माणूस भेटल्याचं बरं वाटलं. त्यांनी पथ्याची चिठ्ठी लिहिली आणि ती सुभद्राला न देता केशरबाईंच्या हातात ठेवली.

“आजीबाई, पथ्य तुम्हीच सांभाळा. हिच्या हातून व्हायचं नाही.” मग ते सुभद्राकडे पाहून करवादले, “आई आहात ना? साधं ‘नाही’ म्हणता येत नाही? सासूबाईंकडून शिका जरा.”

सुभद्रा उठली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पोरीचं मनगट. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली, आणि तेही अगदी हळू.

“शिकली ना, डाक्टरसायेब. यायनंच शिकवलं. तीन डाव ‘नाई’ म्हनलं मी. हगवनीत पानी द्यायचं नाई म्हने, पथ्य हाये. तिघंबी जीव जाईपर्यंत पानीच मांगत होते.”