सोन्याचं पाणी चढवलेली पट्टी

"साधी पट्टी काय वाईट होती?" बायकोने विचारलं.

"साध्या पट्टीवर मागच्या रांगेतच म्हातारा होईन," असं म्हणत लहूने सॅक्सोफोनच्या तोंडाशी, जिच्याशिवाय सूरच निघत नाही ती पातळ रीड आवळून धरणारी, सोन्याचं पाणी चढवलेली परदेशी पट्टी फडक्याने पुसली. तिच्यासाठी त्याने मोटारसायकल विकली होती, त्यामुळे लग्नात बँड वाजवायला तो एसटीने गेला.

बँडमध्ये माणसांचा आकडा भरायला मागच्या रांगेतले नुसतं वाद्य धरून चालतात. वाजवणारे पुढे. पुढे जाण्यासाठी लहूने कित्येक वर्षं गोधड्यांच्या कपाटात तोंड खुपसून रियाज केला होता. शेजाऱ्यांची तक्रार होती.

नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला, तसं लहूने मागच्या रांगेतूनच जीव खाऊन फुंकलं. बँडमास्तर गर्रकन वळले आणि थेट त्याच्यापाशी आले.

"लहू, पुढं ये. घोड्याशेजारी."

लहूचे डोळे भरून आले. "मास्तर, सूर बरा लागला ना?"

"कसला सूर? पट्टी काय चमकतीय लेका! व्हिडिओत झकास दिसंल."

लहू पुढे जाऊन उभा राहिला. गाणं जोरात चालू होतं, पण ते गाडीवरच्या स्पीकरमधून येत होतं. त्याने शेजारच्या क्लॅरिनेटकडे नीट पाहिलं. तिला रीडच नव्हती.

"दादा, तुम्ही वाजवत नाही?"

"येडा का काय तू?" क्लॅरिनेटवाला दातांतल्या दातांत म्हणाला. "गाल फुगव. कॅमेरा इकडंच आहे."