दर्शनी बाजू

"आधी बुटांवर हे प्लास्टिकचे मोजे चढवा आणि मग आत या," व्हर्ना लिंडक्विस्ट दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत होती. स्वतः मात्र आत जायला धजत नव्हती. दार ओडेसा मेफील्डचं होतं. इतकी वर्षं समोरासमोर राहून व्हर्नाने हा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. आज हॅझल स्ट्रीटवरची घरं लोकांना पाहायला खुली होती. आपल्याच घरात उभं केलं की माणूस आपलीच टिमकी वाजवत बसतो, म्हणून गल्लीच्या समितीने दरवर्षीप्रमाणे एकीला दुसरीच्या दारात उभं केलं होतं. ओडेसाची पाळी दुपारनंतर होती.

ओहायोतल्या त्या गावात ही गल्ली नावाजलेली. घरं सगळी बेताची, पण एकासारखं दुसरं नाही. व्हर्नाचं उंच टोकदार छपराचं, दर्शनी भिंतीवर काळ्या लाकडी पट्ट्या, थेट जुन्या इंग्लंडातून उचलून आणल्यासारखं. शेजारी कोठारासारख्या छपराचं डच घर, त्यापलीकडे रुंद ओसरीचा बंगला. आणि समोर ओडेसाचं स्पॅनिश घर: पांढरा गिलावा, लाल कौलं, कमानीचं दार. लोक गाड्या थांबवून फोटो काढत. व्हर्नाच्या घराचेही काढत, आणि ती पडदे ओढून घेई. आता कुणी म्हणालं की आत दाखवा, तर? बाहेर एवढा तोरा आणि आत दोन चिमुकल्या झोपायच्या खोल्या, एकुलतं एक बाथरूम, आणि स्वयंपाकघर असं की ओव्हन उघडायचा तर माणसाने अंग चोरून उभं राहावं. म्हणून ती कधी कुणाला बोलवत नसे, आणि मग तिलाही कुणी बोलवेनासं झालं. एरवी घरं खुली असत त्या दिवशी ती दार लावून बसे; यंदा समितीने फारच गळ घातली तेव्हा कुठे ती तयार झाली, आणि आठवडाभर अडगळ उपसत बसली. समोरच्या कमानीमागे केवढा ऐसपैस कारभार असेल, हे मात्र तिने न पाहताच पक्कं करून टाकलं होतं.

याच लाजेपायी ती फेब्रुवारीत खोटं बोलली. आठवलं की अजून तिचे कान तापत. बर्फाचं वादळ आलं आणि रस्त्याच्या ओडेसाकडच्या बाजूची वीज गेली. अंगावर नवऱ्याचा, क्लिफ्टनचा, कोट चढवून ओडेसा तिच्या दारात आली.

"व्हर्ना, क्लिफ्टनची छाती भरलीय गं. घर नुसतं गारठलंय. वीज येईपर्यंत आम्हाला घेशील का?"

व्हर्नाला आपली अडगळीने भरलेली दुसरी खोली दिसली, पोपडे आलेलं बाथरूम दिसलं. कमानीच्या घरातली माणसं हे सगळं बघणार! "अगं, माझ्याकडे पाहुणे आलेत ना," ती म्हणाली. घरात चिटपाखरू नव्हतं. ओडेसा "बरं" म्हणाली आणि वळली. नवराबायको चर्चच्या तळघरात जाऊन राहिले, आणि वादळ सरेपर्यंत क्लिफ्टन घडीच्या खाटेवर खोकत पडला. जिवावर बेतलेलं निभावलं, पण तो खोकला काही गेला नाही. वसंतात मेफील्डांच्या अंगणात 'विकणे आहे'ची पाटी लागली. त्यांना आता आणखी मोठं घर हवं असेल, असं व्हर्नाने स्वतःला समजावलं.

"अहो, बाथरूम कुठे आहे?" मोजे चढवलेल्या एका बाईने विचारलं.

आता नाइलाज होता. "चला, दाखवते," म्हणत व्हर्ना आत शिरली. बैठकीतून सरळ, दोन पावलांचा बोळ, डावीकडे दार. तिने दिव्याचं बटण न शोधताच दाबलं. बाई आत गेली आणि व्हर्ना बोळातच खिळून राहिली. इकडे दोन चिमुकल्या खोल्या. तिकडे स्वयंपाकघर, आणि त्यात ओव्हनमधून केक काढताना अंग चोरून उभी असलेली ओडेसा.

"हे तर माझंच घर आहे!" व्हर्नाच्या तोंडून निघून गेलं.

"मग? सगळी गल्ली एकाच नकाशावर बांधलीय. तोंडं तेवढी निराळी," ओडेसा म्हणाली. "घर घेतलं तेव्हाच एजंटाने सांगितलं होतं आम्हाला. इथे जन्म काढलास आणि तुला पत्ता नाही?"

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. आपल्या घरात जागा केवढीशी आहे ते ठाऊक असून ही त्या दिवशी दारात आली होती. व्हर्नाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"ओडेसा, त्या दिवशी माझ्याकडे कुणी पाहुणे नव्हते."

"माहितीय. तुझ्या दारापुढच्या बर्फात एकाही चाकाची खूण नव्हती."

"मला लाज वाटली गं. एवढंसं घर, त्यात सगळा पसारा. तुम्ही काय म्हणाल, असं वाटलं."

ओडेसाने केक ओट्यावर ठेवला. हातातले जाड मोजे काढले. आतल्या खोलीत क्लिफ्टन खोकत होता.

"घराची लाज?" तिने विचारलं. "नुसती घराची?"

"शपथेवर सांगते. दुसरं काही म्हणजे काही नव्हतं."

ओडेसा हसली नाही, रागावलीही नाही. आत ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून ती म्हणाली, "अख्ख्या गल्लीत काळ्या माणसांचं घर हे एकच आहे, व्हर्ना. तू दार लावून घेतल्यावर आम्हाला दुसरं कुठलं कारण सुचणार होतं?"