ओले प्लग

एकट्या राहणाऱ्या ताईची गाडी रोज सकाळी खोकत, आचके देतच सुरू व्हायची. मेकॅनिक असलेल्या धाकट्या भावाने इंजिनाचे स्पार्क प्लग काढले, तर पेट्रोलने चिंब!

"ताई, गाडी सुरू न होता नुसता सेल्फ मारत राहिलं की प्लग असे भिजतात. तुझ्याआधी कुणीतरी सेल्फ मारत बसतंय."

"काहीतरीच तुझं! चावी माझ्या उशाखाली असते."

त्याने नवे प्लग बसवले. दुसऱ्या सकाळी तेही ओले. मग मात्र तो इरेला पेटला. त्याने सरळ बॅटरीच काढली. आता मारा म्हणावं सेल्फ!

बॅटरी उचलून तो घराकडे वळला, तोच पाठीमागे गाडी जराही न खोकता सुरू झाली.

"झाली रे बाबा एकदाची दुरुस्त!" घराच्या खिडकीतून ताईचा खूश आवाज आला.

बॅटरी त्याच्या दोन्ही हातांत होती. मागे कुणीतरी सावकाश गिअर टाकला.